वाचकांचे प्रश्न: लेकरू पोटात बरं आहे ना?

सातवा महिना लागल्यापासून कळा सुरू होईपर्यंत पोटातल्या बाळाची खबर कशी ठेवायची, यावर या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

माझ्या सुनेला नववा चालू आहे. दोन दिवस झाले, लेकरू कमी फिरायलंय म्हणते. गल्लीतल्या बाया म्हणतात, दिवस भरत आले की लेकरू दबून बसतं, त्याला जागा पुरत नाही. हे खरं का? (एक सासूबाई, गेवराई)

खरं नाही. सुनेला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं. पत्र हाती पडताच तसं कळवलं आहे, छापून येण्याची वाट पाहिलेली नाही.

बायांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त घातक ठरतं. बाळाची हालचाल साधारण ३२ आठवड्यांपर्यंत वाढत जाते आणि पुढे तितकीच राहते. बदलते ती तऱ्हा. आधी लाथा आणि कोलांट्या असतात, नंतर रेटा देणं, कूस बदलणं, पाय ताणणं जास्त जाणवतं. पण संख्या घटायला नको. कळा सुरू झाल्यावरसुद्धा बाळ हलत असतं.

वारेतून (प्लॅसेंटामधून) येणारा प्राणवायू आणि रक्त कमी पडू लागलं की बाळ काटकसर करतं. आधी हातापायाची हालचाल कमी करतं आणि असेल ते रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. ठोक्यांमधला बिघाड त्यानंतर दिसतो. म्हणजे 'फिरणं कमी झालं' ही तक्रार पुष्कळदा पहिली खूण असते, आणि ती टिपणारं यंत्र म्हणजे आई स्वतः.

मोजायचं कसं? बाळाची झोप साधारण २० ते ४० मिनिटांची असते, क्वचितच दीड तासाच्या पुढे जाते. म्हणून मोजायला दोन तासांची मुदत धरतात. २८ आठवड्यांनंतर रोज एकाच वेळी मोजा. रात्रीचं जेवण झाल्यावरची वेळ सोयीची, तेव्हा बहुतेक बाळं जागी असतात. आधी लघवीला जाऊन या, डाव्या कुशीवर पडा, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा, हात पोटावर ठेवा आणि घड्याळ पाहा. लाथ, ढुशी, वळवळ, सगळं धरा. सलग वळवळ झाली तर ती एक, थांबून पुन्हा झाली की दुसरी. एका तालात टकटक होते ती उचकी, ती धरू नका. दहावी हालचाल झाली की किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. पुष्कळ जणींचे दहा अर्ध्या-पाऊण तासात होऊन जातात. दोन तासांत दहा भरले नाहीत तर त्याच रात्री निघा.

काही ठिकाणी आशाताई किंवा सिस्टर तीन जेवणांनंतर एकेक तास मोजायला सांगतात. प्रत्येक तासात किमान तीन हव्यात असा त्यांचा हिशोब असतो. तोही चालतो. मात्र आज एक, उद्या दुसरी असं करू नका.

आकड्याची पूजा मात्र नको. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या चार लाखांहून जास्त गरोदरपणांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. हालचालींबद्दल जागरूक करून आणि ठरावीक तपासण्या करूनही त्यात पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नव्हतं. तेव्हा वही भरली म्हणजे बाळाला कवच मिळालं असं नाही. रोज वीस मिनिटांत दहा होत होते आणि आज दीड तास लागला, तर दोन तासांच्या आत बसलं तरी तो बदलच. आईला 'नेहमीसारखं वाटत नाही' एवढं कारण दवाखान्यात जायला पुरे आहे.

एक सवय मोडायची आहे. हालचाल कमी वाटली की घरचे गूळ-पाणी देतात, थंड सरबत पाजतात, पोट हलवून बघतात, 'सकाळी बघू' म्हणतात. गोड दिल्याने बाळ हमखास हलतं असं नाही. भूक असेल तर खायला द्या, पण त्यापायी निघायला उशीर नको.

पोटाला पट्टे लावून वीस मिनिटं मशीनवर ठेवलं. रिपोर्टवर 'नॉन-रिॲक्टिव्ह' लिहून आलं. डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलं, दुसऱ्यांदा चांगला आला. मग पहिल्यांदा काय चुकलं? आणि आता किती दिवस निर्धास्त राहायचं? (आठवा महिना, लातूर)

या तपासणीला एनएसटी (नॉन-स्ट्रेस टेस्ट) म्हणतात. दोन चकत्या असतात. जेली लावलेली चकती बाळाच्या पाठीच्या बाजूला बसवतात, ती ठोके टिपते. दुसरी पोटाच्या वरच्या टोकाला कोरडीच बांधतात, ती पोट कडक होणं टिपते. हातात बटण दिलं असेल तर बाळ हललं की दाबायचं.

बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. उपकेंद्रात १२० ते १६० असा आकडा ऐकाल, त्याने गोंधळू नका. कागदावर पाहायचं असतं ते ठोक्यांचं चढणं. आपण जिना चढलो की छाती धडधडते, तसं हललं की बाळाचे ठोके वाढतात. ३२ आठवड्यांनंतर, वीस मिनिटांत किमान दोनदा, १५ ठोक्यांनी किंवा जास्त आणि १५ सेकंद किंवा जास्त वेळ ते चढले तर पट्टी, म्हणजे ठोक्यांच्या आलेखाचा कागद, 'रिॲक्टिव्ह', म्हणजे चांगली. ३२ आठवड्यांच्या आत १० ठोके आणि १० सेकंद पुरतात.

तुमच्या बाबतीत बहुधा काहीच चुकलं नाही, बाळ झोपलं होतं. म्हणूनच वीस मिनिटांत चढ दिसले नाहीत तर तपासणी चाळीस मिनिटांपर्यंत लांबवतात. गर्दीच्या ओपीडीत वीस मिनिटांना पट्टा सोडतात आणि घरचे उगाच हवालदिल होतात. दुसरं कारण म्हणजे उताणं झोपवणं. भरलेली गर्भपिशवी पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या नसेवर दाब देते, आईचा रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, बाळाकडे जाणारं रक्त घटतं आणि पट्टी बिघडते. डोकं आणि पाठ उंच करून, उजव्या कुल्ल्याखाली चादरीची घडी सारून थोडं डावीकडे कललेलं असावं. कुणी सरळ झोपवलं तर तसं सांगायला संकोच करू नका. झोपेच्या किंवा फिट्सच्या औषधांनीही बाळ सुस्त होतं. पट्टा सरकला की कधी आईचेच ठोके उमटतात. कागदावर ८०-९० दिसले तर सिस्टर आईची मनगटाची नाडी धरून पडताळतात ते याचसाठी.

जाताना उपाशी जाऊ नका, लघवी करून जा, तासभर हाताशी ठेवा.

चाळीस मिनिटांनंतरही पट्टी सुधारली नाही तर सोनोग्राफीवर बाळाचा श्वास घेतल्यासारखा छातीचा हेलकावा, शरीराची हालचाल, हातपाय ताणून आखडणं आणि बाळाभोवतीचं पाणी या चार गोष्टी अर्ध्या तासापर्यंत पाहतात. एनएसटी धरून पाच गोष्टींना दोन-दोन गुण. आठ किंवा दहा आले तर बहुतेक वेळा चिंता नसते, पाणी कमी असेल तर मात्र आठ गुणही पुरेसे नाहीत. सहाला महिना आणि कारण पाहून प्रसूती किंवा पुन्हा तपासणी. चार किंवा कमी असतील तर बहुतेक वेळा बाळ बाहेर काढणंच योग्य.

आता निर्धास्त किती दिवस? चांगली पट्टी म्हणजे त्या घडीला बाळाला प्राणवायू पुरतो आहे. आईची तब्येत ठीक असेल तर ती साधारण आठवडाभर गृहीत धरतात. रक्तदाब, साखर, बाळाची वाढ कमी, दिवस उलटलेले, अशा वेळी आठवड्यातून दोनदा करतात. वार अचानक सुटणं किंवा नाळ दाबली जाणं आदल्या दिवशीच्या पट्टीत दिसत नाही. पट्टी काल चांगली आली आणि आज फिरणं कमी झालं, तर कालचा कागद दाखवून घरी थांबू नका.

सोनोग्राफीत पाणी ६ आलं. आमच्याकडे ऊन भयंकर आहे. सासूबाई नारळपाणी पाजतात, कंपाउंडर सलाईन लावा म्हणतो. (३५ आठवडे, परभणी)

पोटाचे चार भाग करून प्रत्येक भागातल्या पाण्याच्या सर्वांत खोल कप्प्याची उभी खोली सेंटीमीटरमध्ये मोजतात. त्यांची बेरीज म्हणजे एएफआय, पाण्याचा निर्देशांक. ५ च्या खाली कमी, २४-२५ च्या वर जास्त. दुसऱ्या पद्धतीत एकच सर्वांत खोल कप्पा पाहतात, तो २ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर पाणी कमी. बेरजेच्या पद्धतीने विनाकारण 'पाणी कमी'चा शिक्का जास्त बसतो, म्हणून रिपोर्टमध्ये खोल कप्प्याचं माप आहे का ते विचारा. ६ म्हणजे काठावर, कमी नव्हे.

शेवटच्या महिन्यांत हे पाणी बहुतांशी बाळाची लघवी असते. वारेतून रक्त कमी आलं की बाळाच्या मूत्रपिंडाला वाटा कमी मिळतो आणि हळूहळू पाणी उतरतं. पाणी पाहायचं कारण हेच.

पण आईचं अंग सुकलं तरी हा आकडा खाली येतो, आणि एप्रिल-मेच्या मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडत असताना अंग सुकायला वेळ लागत नाही. तासा-दोन तासांत दोनेक लिटर पाणी प्यायल्याने एएफआय वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. तोंडाने पिता येत असेल तर सलाईनची गरज नाही. नारळपाणी चांगलं, पण पाण्याचा गुण तेवढाच आहे, नारळाचे पैसे वेगळे. दिवसभरात तीन लिटरच्या आसपास, उन्हात वावरावं लागत असेल तर जास्त, थोडं थोडं प्या: साधं पाणी, पातळ ताक, लिंबूपाणी. रक्तदाब, साखर, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ, साखर आणि एकूण पाण्याचंही प्रमाण डॉक्टरांना विचारून. टँकरचं पाणी असेल तर उकळून, गाळून. शौचालयाची सोय नाही म्हणून मुद्दाम कमी पिणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. त्यांना लघवीचा संसर्ग होतो आणि त्यातून अवेळी कळा येतात.

आणखी दोन गोष्टी पाहा, त्या विचारायच्या राहून जातात. पहिली, पाणी गळत तर नाही? स्वच्छ कोरडं सुती कापड लावून अर्धा तास पडून राहा आणि मग उभ्या राहा. उठताच कापड भिजलं आणि लघवीचा वास नसेल तर पाणमोट गळत असू शकते. संशय असला तरी आजच दाखवा. हिरवट किंवा लालसर पाणी दिसलं तर कापडाच्या फंदात न पडता लगेच निघा. दुसरी, मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून घेतलीत का? आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पाणी उतरवतात. पाठ दुखते म्हणून घेतलेली पुडी हे 'पाणी कमी'चं कारण असू शकतं.

बाळ नेहमीसारखं फिरत असेल, वाढ आणि रक्तदाब ठीक असेल, तर दोन-तीन दिवस नीट पाणी पिऊन, शक्यतो त्याच ठिकाणी, पुन्हा मोजून घ्या. प्रोब किती दाबला यावरही एक-दोन सेंटीमीटरचा फरक पडतो.

रिपोर्टमध्ये 'नाळ गळ्याभोवती', 'वार ग्रेड ३' आणि 'वजन २.३ किलो' असं तीनही आहे. सिझर करावंच लागेल का? (३७ आठवडे, हिंगोली)

नाळेचा वेढा दिवस भरलेल्या बाळांत चार-पाचांतल्या एकाला असतोच. बाळ पोटात नाकाने श्वास घेत नाही, त्यामुळे 'गळफास' ही कल्पनाच चुकीची. त्यापायी सिझर ठरत नाही, कळांमध्ये ठोके नीट ऐकले की झालं. ग्रेड ३ म्हणजे वार जून झाली, ३७ आठवड्यांना ती जून असणारच.

वजनाकडे मात्र लक्ष द्या. सोनोग्राफीचं वजन अंदाजे असतं, दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे. २.३ किलो हा आकडा त्या आठवड्यासाठी खालच्या बाजूला आहे. महत्त्वाचं हे की तीन आठवड्यांपूर्वी किती होतं आणि बाळाच्या पोटाचा घेर वाढतो आहे का. वाढ अडली असेल तर कलर डॉप्लर करून घ्या. त्यात नाळेच्या धमनीतला प्रवाह पाहतात. दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही रक्त पुढे सरकत असलं पाहिजे. ते थांबलं किंवा उलटं वाहू लागलं तर वार थकली आहे. मग थांबणं नाही, आणि बाळ लहान किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर नवजात अतिदक्षता विभाग असेल तिथेच प्रसूती: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं शासकीय महाविद्यालय. पोटात बाळ घेऊन जाणं हे जन्मलेल्या नाजूक बाळाला गाडीत नेण्यापेक्षा सुरक्षित असतं. उलट वाढ ठीक आणि कसलाही धोका नसताना दर आठवड्याला डॉप्लर करून हाती काही लागत नाही.

घरी ठोके ऐकायचं छोटं मशीन ऑनलाइन मिळतं. घ्यावं का? (धाराशिव)

नको. वारेचा सूं सूं आवाज किंवा आईचीच नाडी ऐकून 'ठोके आहेत' म्हणून लोक थांबतात. आणि ठोके ऐकू येणं म्हणजे बाळ बरं असणं नव्हे. ते थकलेलं असलं तरी ठोके असतातच.

माझ्या बहिणीला सहा महिने उलटून गेलेत, ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेली. तिथं सोनोग्राफी कुठून आणायची? मशीनशिवाय काय बघता येतं? (धारूर, जि. बीड)

बरंच बघता येतं. साधी टेप घ्या. लघवी झाल्यावर, पाय सरळ ठेवून, ओटीपोटाच्या हाडापासून पिशवीच्या वरच्या टोकापर्यंत मोजायचं. २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान जितके आठवडे, साधारण तितके सेंटीमीटर, दोनएक इकडे-तिकडे. आठवड्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढ. मोजणारी एकच असावी आणि आकड्यांची बाजू खाली ठेवावी, नाहीतर मनातला आकडाच टेपवर दिसतो. दोन-तीन आठवडे माप तिथंच राहिलं तर सोनोग्राफीसाठी रजा घ्यावीच लागेल, मुकादमाला दिलेली उचल (आगाऊ पैसे) कितीही आठवत असो.

टेपपेक्षाही महत्त्वाचा रक्तदाब. १४०/९० किंवा वर, महिन्यात तीन किलोपेक्षा जास्त वजन वाढणं, तोंडावर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणं, यांतलं काहीही असेल तर बाळाआधी आईला धोका आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ७ च्या खाली म्हणजे दवाखान्यात राहूनच उपचार.

फडात ऊस तोडताना, मोळी डोक्यावर वाहताना बाळाचं फिरणं जाणवत नाही. काम करताना ते मोजूच नये. कोपीवर (झोपडीवर) परतल्यावर पडून मोजावं. मोळी उचलणं आणि रात्रीची गाडी भरणं तिच्याकडून काढून घ्या. वाढे (उसाचे शेंडे) बांधण्यासारखं बसून करायचं काम द्या. आणि मिश्री. ती तंबाखूच आहे, दातांवर घासली तरी रक्तात जाते, वारेतलं रक्त कमी करते आणि बाळाची वाढ खुंटवते. बिडी न ओढणाऱ्या बायांना हे कुणी सांगत नाही.

माता-बाल संरक्षण कार्ड गावी पेटीत ठेवून उपयोग नाही. ते सोबत हवं, आणि पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी सरकारी केंद्रांत असते. कारखान्याजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र बाहेरगावची म्हणून नाकारू शकत नाही. जाण्यासाठी १०२, तातडीला १०८. सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत असते.

तळहात-तळपाय रात्री फार खाजतात. पुरळ नाही. आई म्हणते घामोळ्या. (३३ आठवडे, नांदेड)

घामोळ्या दिसतात, तुमचं काही दिसत नाही. पुरळ नसताना, रात्री वाढणारी तळव्यांची खाज हे यकृतात पित्त साचण्याचं लक्षण असू शकतं. रक्तात पित्ताम्ल (बाइल ॲसिड) आणि यकृताची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. पित्ताम्ल १०० मायक्रोमोलच्या वर गेलं तर बाळ अचानक दगावण्याचा धोका वाढतो, आणि तो एनएसटीत आधी दिसत नाही. म्हणून इथे पट्टीवर विसंबून न राहता आकड्यावरून प्रसूतीची तारीख ठरवतात. कॅलामाइन लावून दिवस काढू नका.

आमच्या हिशोबाने नऊ महिने नऊ दिवस होऊन चार दिवस झाले, कळा नाहीत. डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे. कोण बरोबर? (जालना)

हिशोब तिथीने केलाय का ते आधी पाहा. दवाखाना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतो: इंग्रजी तारखेत नऊ महिने आणि सात दिवस. पाळी १० जूनला आली असेल तर १७ मार्च. चांद्र महिना मात्र साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे तिथीचे नऊ महिने नऊ दिवस सुमारे २७५ दिवसांतच भरतात. तुमचे चार दिवस उलटले तरी दवाखान्याच्या हिशोबाने एखादा दिवस बाकी आहे. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख धरतात आणि पुढच्या सोनोग्राफ्यांवरून ती बदलत नाहीत.

तारीख उलटली तर आठवड्यातून दोनदा एनएसटी आणि पाणी, रोज फिरणं मोजणं. ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा आणायचा सल्ला देतात, ४२ च्या पुढे वार थकण्याचा धोका वाढतो. रक्तदाब किंवा साखर असेल तर इतकंही थांबत नाहीत.

यापेक्षा मोठी चूक अधिक महिन्यात होते. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. मधे अधिक महिना आला आणि घरात नुसती महिन्यांची नावं मोजली, तर 'नऊ महिने नऊ दिवस' ३०४ दिवसांवर जातात, म्हणजे ४३ आठवड्यांच्याही पुढे. घरचे म्हणतात आत्ता कुठे दिवस भरले, आणि वार तीन आठवड्यांपासून जादा काम करत असते. पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर इंग्रजीतच गोल करून ठेवा.